‘पाव्हणं, गाव कोणतं?’ : ओळखीच्या माणसाचं नाव विसरण्याचा इतिहास

मराठवाड्यातल्या कुठल्याही लग्नाच्या मांडवात हा प्रसंग घडतोच. समोरून एक माणूस हसत येतो. चेहरा पक्का ओळखीचा. कुठे भेटलो होतो, काय बोललो होतो, त्याच्या विहिरीला पाणी लागलं नव्हतं, त्याची मुलगी बारावीला होती, सगळं आठवतं. फक्त नाव आठवत नाही. मग आपण ‘काय पाव्हणं, कधी आलात?’ असं म्हणून वेळ मारून नेतो. तेवढ्यात शेजारी उभा असलेला मेव्हणा म्हणतो, ‘आमची वळख तरी करून द्या की.’ आणि खरी पंचाईत इथे होते.

आपण याला स्मरणशक्तीचा दोष म्हणतो आणि विसरून जातो. पण संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी या साध्या प्रसंगाकडे थोडं थांबून बघावं, कारण त्यात एक चांगला प्रश्न दडलेला आहे. नाव विसरण्याची लाज वाटते, ती का वाटते? ती सगळ्या काळात, सगळ्या माणसांबद्दल सारखीच वाटत होती का? आपल्या आजोबांना गड्याचं नाव आठवलं नाही तर त्यांना लाज वाटायची का? आणि गड्याला मालकाचं नाव आठवलं नाही तर?

म्हणजे विसरणं ही मेंदूची गोष्ट असली, तरी विसरल्यावर ओशाळणं ही समाजाची गोष्ट आहे. आणि समाजाच्या गोष्टीला इतिहास असतो.

एक गाव, दोन अनुभव

हा इतिहास समजून घ्यायला मी अंतरवाली सराटी हे गाव घेतलं आहे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं हे गाव २०२३ पर्यंत तालुक्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी तिथे उपोषण सुरू केलं, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, आणि चार दिवसांत गावाचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. १४ ऑक्टोबरला तिथे मोठी सभा झाली, तिला राज्यभरातून माणसं आली. आरक्षणाची मागणी बरोबर की चूक, हा या लेखाचा विषय नाही. मला रस आहे तो नावांच्या बाबतीत या एकाच घटनेच्या दोन बाजूंमध्ये.

पहिली बाजू गर्दीची. अशा ठिकाणी अनोळखी माणसं शेजारी बसतात, भाकरी वाटून खातात, तासन् तास बोलतात. बोलणं सुरू होतं ते ‘पाव्हणं, गाव कोणतं?’ या प्रश्नानं. गाव कळलं की ‘मग तुमच्याकडं अमक्याच्या घरी आमची आत्या दिलीय’ इथपर्यंत गाडी लगेच पोचते. नाव विचारलं जातंच असं नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

दुसरी बाजू कागदाची. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातल्या महसुली, शैक्षणिक आणि इतर जुन्या दप्तरांत ‘कुणबी’ नोंदी शोधायच्या, हे तिचं काम. नोंद सापडली तरी ती आपल्याच घरातली आहे हे दाखवायला वंशावळ लागते. वंशावळीत ‘आमचं थोरलं घराणं’ चालत नाही. तिथे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, प्रत्येकाचं नाव लागतं. ज्या माणसाला आपल्या भावकीतली पन्नास घरं तोंडपाठ आहेत, त्यालाही पणजोबाच्या वडिलांच्या नावाशी थांबावं लागतं.

बोलण्यात नावावाचून अडत नाही, कागदावर नावावाचून हलत नाही. नाव विसरण्याचा सगळा इतिहास या दोन टोकांच्या मधला आहे.

आधी ‘विसरणं’ म्हणजे काय ते ठरवू

संशोधनात पहिली अडचण शब्दांची असते. ‘नाव विसरलो’ असं आपण तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतो.

एक, नाव कानावर पडलं पण मनात नोंदलंच गेलं नाही. ओळख करून देताना आपलं लक्ष ‘आता मी काय बोलू’ याकडे होतं.

दोन, नाव नोंदलं गेलं, पण हवं तेव्हा सापडत नाही. यालाच आपण ‘अगदी ओठांवर आहे’ म्हणतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते आपोआप आठवतं.

तीन, नाव कधी विचारलंच नव्हतं. वर्षानुवर्षं रोज भेटणारा माणूस, पण त्याचं नाव माहीत नाही. इथे विसरायला मुळात काही नव्हतंच.

पहिल्या दोन गोष्टी मानसशास्त्राच्या आहेत, तिसरी समाजशास्त्राची आणि इतिहासाची. मांडवात उभं राहून ओशाळताना तिन्ही सारख्याच वाटतात. संशोधकानं मात्र त्या वेगळ्या ठेवायच्या असतात, नाहीतर एका गोष्टीचं उत्तर दुसरीला चिकटतं.

मेंदूला नावच का जड जातं?

नाव विसरण्याकडे शास्त्रीय नजरेनं बघणाऱ्या पहिल्या नामवंतांपैकी एक म्हणजे सिग्मंड फ्रॉईड. हर्झेगोव्हिनाकडे प्रवास करताना एका सहप्रवाशाशी बोलताना त्याला सिन्योरेल्ली या इटालियन चित्रकाराचं नाव आठवेना. त्याऐवजी बोत्तिचेल्ली आणि बोल्त्राफ्फियो ही दुसरीच दोन नावं पुढे येत राहिली. १८९८ मध्ये त्यानं यावर लेख लिहिला, आणि १९०१ मध्ये रोजच्या चुकांवरच्या त्याच्या पुस्तकाची सुरुवातही याच उदाहरणानं झाली. त्याचं म्हणणं असं, की नाव हरवत नाही, मन ते दाबतं. मृत्यू आणि कामवासनेबद्दलचे नकोसे विचार त्या नावाला चिकटले होते, म्हणून ते वर येईना.

फ्रॉईडचा हा खुलासा पुढे फारसा टिकला नाही, पण लोकांच्या मनात एक संशय मात्र कायमचा बसला: ‘नाव विसरलास म्हणजे तुला मी नकोच आहे.’

पुढे प्रयोगशाळेतलं काम सुरू झालं. १९६६ मध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी लोकांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द विचारला. ज्यांना तो ‘ओठांवर’ वाटत होता, त्यांना पुष्कळदा त्याचं पहिलं अक्षर आणि तो किती अवयवांचा आहे हे बरोबर सांगता येत होतं. म्हणजे शब्द आत होता, पण त्याचा उच्चार पूर्ण हाती येत नव्हता.

१९८५ मध्ये यंग, हे आणि एलिस या ब्रिटिश संशोधकांनी २२ जणांना रोजनिशी दिली आणि माणूस ओळखताना झालेली प्रत्येक गडबड लिहायला सांगितली. हजाराच्या आसपास प्रसंग जमले. ‘माणूस ओळखला, काय करतो ते आठवलं, नाव आठवलं नाही’ असे प्रसंग भरपूर निघाले. ‘नाव आठवलं, पण हा माणूस कोण ते काहीच आठवलं नाही’ असा उलटा प्रसंग मात्र एकही नव्हता. यावरून पुढच्या वर्षी ब्रूस आणि यंग यांनी एक मांडणी केली: आधी चेहरा ओळखीचा वाटतो, मग त्या माणसाबद्दलची माहिती जागी होते, आणि त्या माहितीतून वाट काढत शेवटी नाव येतं. शेवटच्या पायरीवर गाडी अडली, की आपली मांडवातली पंचाईत होते.

पण शेवटची पायरी इतकी निसरडी का? १९८७ मध्ये मॅकवीनी आणि सहकाऱ्यांनी एक साधा, देखणा प्रयोग केला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय पाठ करायला दिला. काही शब्द असे निवडले, की ते आडनावही असू शकतात आणि व्यवसायही. इंग्रजीत ‘बेकर’ हे आडनावही आहे आणि पाववालाही. तोच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तर जास्त लक्षात राहिला, आडनाव म्हणून सांगितला तर कमी.

मराठीत हा प्रयोग समजावून सांगावाच लागत नाही. ‘हे सुतार आहेत, लाकडाचं काम करतात’ असं म्हटलं की रंधा, भुसा, खुर्ची, दार, सगळं डोळ्यांपुढे येतं. ‘यांचं आडनाव सुतार, बँकेत आहेत’ असं म्हटलं की ‘सुतार’ या शब्दाला धरायला काहीच उरत नाही. व्यवसायाला अर्थ असतो. नाव नुसतं डकवलेलं लेबल असतं. गोविंदाला गणपत म्हटलं असतं तरी माणूस तोच राहिला असता.

म्हणजे नाव न आठवणं हा त्या माणसाचा अपमान नाही. उलट त्याची विहीर, त्याची मुलगी, त्याचं गाव आठवतं, याचा अर्थ माणूस आपल्या चांगलाच लक्षात आहे.

गावानं हे आधीच ओळखलं होतं

आता ‘पाव्हणं, गाव कोणतं?’ हा प्रश्न पुन्हा बघा. गावाकडे लहान पोराला म्हातारी माणसं ‘नाव काय रे तुझं?’ असं आधी विचारत नाहीत. ‘कुणाचा रे तू?’ असं विचारतात. मोठ्या माणसाला आधी गाव, मग आडनाव किंवा भावकी, मग ‘कुणापैकी?’ आणि नाव सगळ्यात शेवटी. प्रयोगशाळेनं १९८६ मध्ये जी पायऱ्यांची रचना मांडली, तिच्या जवळ जाणारा हा क्रम आहे. अर्थ असलेल्या गोष्टी आधी, लेबल नंतर.

हाच क्रम लिखित रूपात बघायचा असेल, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघाव्यात. यात्रेकरू आला की उपाध्याय गाव आणि आडनाव विचारतो, त्यावरून वही काढतो, आणि मग यापूर्वी आलेल्या वडिलांचं, आजोबांचं, चुलत्यांचं नाव वाचून दाखवतो. घरच्यांना न आठवणारी नावं परक्याच्या वहीत सापडतात. तो उपाध्याय काही हजारो नावं पाठ करत नाही. नावापर्यंत पोचायची वाट त्यानं नीट लावून ठेवलेली असते, एवढंच.

गावांच्या नावांनाही हीच युक्ती लागू आहे. मराठवाड्यात अंतरवाली नावाची एकाहून जास्त गावं आहेत. नुसतं ‘अंतरवाली’ म्हटलं तर कोणती, असा प्रश्न पडणारच. म्हणून मागे ‘सराटी’ जोडायचं. माणसाच्या नावामागे बापाचं नाव आणि आडनाव जोडतात, तसंच हे.

शिवाय आपल्याकडे नाव न घेता बोलायची सोय भाषेतच आहे. दादा, भाऊ, मामा, दाजी, आबा, तात्या, नाना, काकू, मावशी, वैनी. इरावती कर्वे यांनी भारतभरच्या भाषांमधले नात्यांचे शब्द गोळा करून १९५३ मध्ये नातेव्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. नात्याचे शब्द नुसतं नातं सांगत नाहीत, कोण कुणाशी कसं वागणार तेही सांगतात, हे तो ग्रंथ वाचताना लक्षात येतं. ‘मामा’ म्हटलं की नाव विसरलं तरी चालतं, कारण वागणं ठरलेलं असतं.

इथपर्यंत वाचून वाटेल, की वा, जुनं गाव किती शहाणं होतं! थांबा. तिसऱ्या प्रकारचं विसरणं अजून राहिलं आहे.

नाव कुणाचं घ्यायचं, कुणाचं नाही

त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ चं. ते इंग्रजी मुलखातल्या गावांबद्दल आहे आणि लेखक महसूल खात्यातला अधिकारी आहे, त्यामुळे निजामाच्या अंबडला ते जसंच्या तसं लागू करता येणार नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती: गावात माणूस आधी कामानं आणि जातीनं ओळखला जायचा. पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी.

आता या माणसांना हाक कशी मारली जायची ते बघा. पाटलाचं नाव कुणी घेत नसे, कारण नाव घेणं म्हणजे बरोबरी करणं. त्याला नुसतं ‘पाटील’. बलुतेदाराचं किंवा गड्याचं नाव खुशाल घ्यायचं, तेही तोडून: रामा असेल तर ‘राम्या’, म्हादू असेल तर ‘म्हाद्या’. जुन्या कागदांत तर नावाच्या शेपटावरूनच जात कळते. कुणाला ‘पंत’, कुणाला ‘राव’ किंवा ‘जी’, कुणाला ‘शेट’, आणि महारांच्या नावांमागे ‘नाक’. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कोरलेल्या नावांमध्ये हे ‘नाक’ आजही वाचता येतं.

म्हणजे मोठ्याचं नाव आदरानं टाळलं जायचं आणि लहानाचं नाव अनादरानं घेतलं जायचं. आणि बाईचं?

बाईचं नाव लग्नात बदलायचं. माहेरचं नाव माहेरी राहिलं. सासरी ती ‘थोरली’, ‘धाकली’, मग ‘अमक्याची आई’. तिनंही नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घ्यायचं तर उखाण्यात, चारचौघींत, यमक जुळवून. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं तर सून त्या पोराला स्वतःच्याच पोराच्या नावानं हाक मारू शकत नसे, कारण ते सासऱ्याचं नाव. मग बाळू, बापू, सोन्या असं काहीतरी दुसरं. आजच्या लग्नपत्रिका काढून बघा. पत्रिकेत एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं तर रुसवा धरला जातो, मानापमान होतो. पण ‘सौ. व श्री. अमुकराव’ असं छापलं, तर त्यातल्या सौ.चं नाव राहिलं असं कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे विसरणं मेंदूचं नव्हे. इथे कुणाचीही स्मरणशक्ती कमी पडलेली नाही. इथे नाव लागेल असं कुणाला वाटलंच नाही.

रोममधला एक नोकर

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये निवडणुकीला उभा राहिलेला माणूस बाजारात फिरायचा तेव्हा त्याच्या बरोबर एक गुलाम चालायचा. त्याचं काम एकच: समोरून येणाऱ्याचं नाव मालकाच्या कानात सांगायचं. या गुलामाला ‘नोमेनक्लेटर’ म्हणत. मालक मग नावानं हाक मारून हात मिळवायचा, आणि मतदार खूश.

या संदर्भात धाकट्या केटोची गोष्ट संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्लुटार्क लिहितो, की उमेदवारांनी नोमेनक्लेटर वापरू नये असा कायदा झाला तेव्हा लष्करी पदाच्या निवडणुकीत एकट्या केटोनं तो पाळला आणि लोकांची नावं स्वतः लक्षात ठेवली. उलट सिसेरो इसवी सनापूर्वी ६३ मधल्या एका खटल्यातल्या भाषणात याच केटोला टोमणा मारतो, की तू एवढा तत्त्वाचा, मग नोमेनक्लेटर का बाळगतोस? दुसऱ्यानं सांगितलेलं नाव घेऊन ओळख दाखवणं ही फसवणूक नाही का?

मग खरं कोण? घाई करू नका. सिसेरो समकालीन आहे, पण त्या खटल्यात केटो विरुद्ध बाजूला होता आणि सिसेरो वकील होता. प्लुटार्क दीडशेहून जास्त वर्षांनी लिहितोय आणि त्याला केटोचं चरित्र आदर्श दाखवायचं आहे. शिवाय दोघं वेगवेगळ्या निवडणुकांबद्दल बोलत आहेत, त्यामुळे दोन्ही गोष्टी खऱ्याही असू शकतात. साधनांची पारख करायची ती अशी.

आपल्या विषयासाठी मात्र महत्त्वाचं वेगळंच आहे. मताची गरज पडली तेव्हा सामान्य माणसाचं नाव माहीत असणं आवश्यक झालं, आणि न आठवणं ही लाजेची गोष्ट ठरली. आणि ज्यानं ही सगळी नावं लक्षात ठेवली, त्या गुलामाचं नाव काय होतं, हे सिसेरोनंही लिहिलं नाही आणि प्लुटार्कनंही नाही.

पदवी संपली, लेबल उरलं

आपल्याकडे हे चित्र विसाव्या शतकात बदललं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. मतदार यादी आली, शाळेचा दाखला आला, सातबारा, रेशन कार्ड आलं. प्रत्येक ठिकाणी नाव, बापाचं नाव, आडनाव. ‘राम्या’ला कागदावर ‘रामा’ किंवा ‘रामराव’ व्हावं लागलं. मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पद १९६२ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं संपलं. ‘पाटील’ हे काम राहिलं नाही, आडनाव झालं. सुताराचा मुलगा बँकेत गेला, तेव्हा ‘सुतार’चंही तेच झालं.

इथे १९८७ चा तो प्रयोग पुन्हा आठवा. गावगाड्यात ‘सुतार’ या शब्दाला अर्थ होता. गावगाडा मोडला तसा तो शब्द लेबल झाला, आणि लेबलं लक्षात ठेवायला अवघड. म्हणून माझा अंदाज असा, की ओळखीच्या माणसाचं नाव न आठवण्याचे प्रसंग गेल्या दोन-तीन पिढ्यांत खरोखर वाढले असावेत. याचं कारण मेंदू बिघडला हे नव्हे. माणूस जात-कामाच्या खुणेतून सुटला, हे कारण असावं. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. तो तपासायचा कसा, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणी घेतला तर मला आनंद होईल.

कागदानं सगळं सुधारलं असंही नाही. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहितच नाहीत. त्यामुळे निजामकाळच्या दप्तरातलं नाव वाचताना एकाच अक्षरमालेची दोन-तीन नावं होऊ शकतात. हाकेचं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं, ही भर निराळीच. आणि काही कागदांत तर नावंच नसतात. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात ज्या हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला आहे, त्यात कुठल्या जातीची किती माणसं हे आकडे आहेत, व्यक्तींची नावं नाहीत. म्हणून त्या निर्णयात गावपातळीवर चौकशीसाठी समिती ठेवावी लागली. म्हणजे कागदाची वाट पुन्हा ‘हा कुणापैकी?’ या गावच्या प्रश्नापाशीच येऊन थांबली. जानेवारी २०२४ च्या मसुद्यात तर ‘सगेसोयरे’ हा बोलण्यातला शब्द कायद्याच्या व्याख्येत बसवायचा प्रयत्न झाला. नात्यानं ओळखणारा समाज आणि नावानं ओळखणारं सरकार यांची ओढाताण अजून संपलेली नाही.

आणि एक छोटा पण महत्त्वाचा बदल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र सरकारनं ठरवला. शंभर वर्षांनी कुणी वंशावळ शोधत आलं, तर त्याला निदान एका पिढीपासून पुढे बायकांची नावं सापडतील.

मग ओशाळायचं की नाही?

वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. तिथेही नाव लागत नाही, पण त्यात कुणी लहान होत नाही, कारण सगळेच माउली. ‘पाव्हणं’ हाही तसाच शब्द आहे. नाव न घेणं म्हणजे अपमान, असं सरसकट म्हणता येत नाही. बघायचं एवढंच, की तो शब्द सगळ्यांसाठी आहे की काहींचं नाव आदरानं झाकायला आणि काहींचं पुसायला आहे.

पाटलाच्या आजोबांना गड्याचं नाव आठवलं नाही तर लाज वाटली नसती, कारण ते नाव आपण देणं लागतो असं त्यांना वाटतच नव्हतं. आज मांडवात उभं राहून आपल्याला घाम फुटतो, कारण समोरच्याला आपण बरोबरीचा मानतो. ओशाळणं हे त्या अर्थानं चांगलं लक्षण आहे. न आठवलेलं नाव ‘माफ करा, तुमचं नाव पुन्हा सांगता का?’ असं सरळ विचारून भरून काढता येतं, आणि बहुतेक माणसं हसून सांगतात. कधीच न विचारलेल्या नावाला मात्र हा उपाय नाही, कारण तिथे ओशाळायलाच कुणी थांबलेलं नसतं.

ज्यांना पुढे गावात जाऊन मुलाखती घ्यायच्या आहेत, त्यांच्यासाठी यातून एक साधी सवय निघते. मुलाखतीच्या वहीत घरच्या प्रमुखाचं नाव आपोआप लिहिलं जातं, कारण ते तो स्वतः सांगतो. चहा आणून देणाऱ्या बाईचं नाव कुणी सांगत नाही. तिलाही विचारा, आणि ‘यांची मंडळी’ असं न लिहिता तिनं सांगितलेलं नाव लिहा. माहेरचं वेगळं असेल तर तेही. ते नाव तुमच्या प्रबंधात येईलच असं नाही, पुष्कळदा गोपनीयतेसाठी ते बदलावंही लागेल. पण बदलायला तरी ते आधी वहीत असलं पाहिजे.